फेकलेल्या मालाचा हिशेब

वादळात सापडलेले जहाज वाचवायचे तर ते हलके करावे लागते. मग हाताशी असेल तो माल समुद्रात जातो. एका व्यापाऱ्याचे द्राक्षमद्याचे रांजण लाटांत फेकले जातात आणि त्यामुळे दुसऱ्याचे तांबे, तिसऱ्याची लोकर आणि जहाजमालकाचे जहाज बंदराला लागते. किनाऱ्यावर उतरल्यावर पहिला व्यापारी म्हणतो, माझे रांजण सगळ्यांसाठी गेले, मग नुकसान एकट्या माझे कसे? या प्रश्नाचे उत्तर एजियन समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यातल्या रोड्स बेटाने दिले. सगळ्यांच्या बचावासाठी जे फेकले, त्याची भरपाई ज्यांचे वाचले त्या सगळ्यांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात करायची. रोमनांनी हा नियम रोड्सच्या नावानिशी उचलला आणि इ.स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने सिद्ध करवलेल्या कायदेसंग्रहात त्याला स्वतंत्र प्रकरण मिळाले.

हा नियम आजही चालू आहे. जहाजविम्याच्या व्यवहारात त्याला जनरल ॲव्हरेज म्हणतात. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे ४०० मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले, सहा दिवस जगाचा व्यापार खोळंबला, तेव्हा जहाजमालकाने हाच नियम पुकारला आणि सोडवणुकीच्या खर्चाचा वाटा त्यावरच्या हजारो कंटेनरांच्या मालकांवर आला. त्या जहाजावरचे पंचवीसही खलाशी भारतीय होते. कालव्याच्या प्राधिकरणाशी भरपाईचा वाद मिटेपर्यंत, म्हणजे जुलैपर्यंत, जहाज इजिप्तमध्येच राहिले.

मात्र जस्टिनियनच्या संग्रहातले तेच प्रकरण पुढे वाचले की एक गोष्ट टोचते. भरपाई मालाची होते, माणसांची नाही. स्वतंत्र माणसाच्या देहाची किंमत करता येत नाही, म्हणून तो हिशेबात धरायचा नाही. आणि समुद्रात गेलेल्या गुलामांचीही किंमत धरायची नाही. जहाजावर आजारी पडून मेलेल्यांची जशी धरत नाहीत तशीच. एवढ्या न्यायी नियमाच्या वहीतही काही रकाने मुळातच नव्हते. रोड्स आणि त्याच्या भोवतालची कालिम्नोस, सिमी, कोस ही बेटे, ज्यांना मिळून डोडेकनीज म्हणजे ‘बारा बेटे’ म्हणतात, त्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास आणि तिथल्या समुद्राची आजची अवस्था मला त्या नसलेल्या रकान्यांची गोष्ट वाटते. जे फेकले गेले ते सगळ्यांसाठी गेले. पण ते माल नव्हते, म्हणून त्याची भरपाई कोणी मागितली नाही आणि कोणी दिलीही नाही.

आधी या पाण्याविषयी. एजियनची छायाचित्रे आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात. पांढरी घरे आणि खाली गडद निळा, काचेसारखा समुद्र. ती निळाई पाहून तो समुद्र निकोप असल्याची आपली खात्री पटते. अरबी समुद्राच्या काठी वाढलेल्या माणसाला तर आपला गढूळ, हिरवट समुद्र त्यापुढे ओशाळवाणा वाटतो. वस्तुस्थिती उलट आहे. आपले पाणी गढूळ दिसते त्याला गाळाबरोबरच त्यातली सूक्ष्म वनस्पती आणि जीवांची दाटीही कारण असते. एजियनचा दक्षिण भाग आणि एकूणच पूर्व भूमध्य समुद्र हा जगातल्या सर्वांत नापीक समुद्रांपैकी एक आहे. मोठ्या नद्या तिथे फारशा येत नाहीत, फॉस्फरस अत्यल्प, म्हणून प्लवक विरळ आणि म्हणून पाणी आरपार दिसते. उत्तरेकडे दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीतून काळ्या समुद्राचे पाणी येते, तिथे मासे बरे मिळतात. बारा बेटांच्या वाट्याला मात्र ही सुंदर गरिबी आली आहे. अशा पाण्यात जे जगते ते सावकाश वाढते, काटकसरीने राहते आणि एकदा मोडले की सावकाशच जुळते. सुपीक समुद्र एखादी चूक पचवतो. या समुद्राला ती पचवायला माणसाचे आयुष्य पुरत नाही.

ही जाणीव नवी नाही. इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटल काही काळ लेस्बोस बेटावर राहिला आणि तिथल्या पिऱ्हा नावाच्या उथळ आखातातल्या जीवांचे त्याने बारकाईने निरीक्षण केले. प्राण्यांविषयीच्या त्याच्या ग्रंथात एक छोटी नोंद आहे: पिऱ्हाच्या सामुद्रधुनीतून एका काळी स्कॅलप जातीचे शिंपले नाहीसे झाले, त्याला ते तळावरून खरवडून काढण्याचे अवजार जसे कारण झाले तशी अवर्षणेही झाली. दोनच कारणे, एका दमात सांगितलेली. माणसाचे अवजार आणि बिघडलेले हवामान एकत्र आले की जीव नाहीसा होतो, हे सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी, याच समुद्राच्या काठी, कोणीतरी पाहून लिहून ठेवले आहे. पुढे जे सांगायचे आहे ते याच दोन कारणांविषयी.

पाटी-पेन्सिलीच्या जमान्यातल्या वाचकांना डबीतला ओला स्पंज आठवत असेल. तो बहुधा कारखान्यातला असे, पण त्याला ज्याचे नाव आणि रूप मिळाले तो स्पंज हा प्राणी आहे आणि जगाला तो शतकानुशतके मुख्यतः याच समुद्राने पुरवला. होमरच्या काव्यांत मेजे पुसायला स्पंज आहे. ॲरिस्टॉटलने नोंदवले आहे की खडकावर बुडखा शिल्लक राहिला तर स्पंज पुन्हा वाढतो. कालिम्नोस आणि सिमीच्या पाणबुड्यांना हे ठाऊक होते. ते उघड्या अंगाने, दोरी बांधलेला चपटा जड दगड हातात धरून तळाशी जात, एका श्वासात जेवढे कापता येईल तेवढे कापत आणि वर ओढले जात. त्या दगडाला स्कंदालोपेत्रा म्हणतात. हे कसब किती टोकाला गेले होते ते १९१३ मध्ये दिसले. कार्पाथोस बेटाजवळ एका इटालियन युद्धनौकेचा नांगर तुटून बुडाला आणि सिमीच्या एका पाणबुड्याने सत्तर मीटरहून खोल, केवळ श्वास रोखून, जाऊन त्याला दोर बांधला. अशा मासेमारीला तिची स्वतःची मर्यादा होती. माणसाच्या छातीत जेवढी हवा मावते तेवढाच समुद्र त्याला रिकामा करता येत होता.

१८६० च्या दशकात स्काफांद्रो आला. तांब्याचे शिरस्त्राण, रबरी पोशाख आणि बोटीवरच्या पंपातून नळीने येणारी हवा. आता पाणबुड्या तळावर चालत जाऊ शकत होता, तासभर थांबू शकत होता, पूर्वी हाताला न लागलेले खोल पट्टे साफ करू शकत होता. बेटांवर पैसा आला. सिमीच्या बंदराभोवतीची देखणी घरे त्या पैशाची आहेत. आणि त्याच वर्षांत तरुण माणसे पाण्यातून वर येऊन बोटीवर कोसळू लागली. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन, माणूस झपाट्याने वर आला की बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि सांधे, मणका, मेंदू यांवर घाव घालतो. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर याने हे कारण १८७८ मध्ये सप्रमाण मांडले. किती खोलीवरून किती थांबे घेत वर यायचे याची शास्त्रीय कोष्टके जॉन स्कॉट हॉल्डेनने १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे पोशाख आल्यावर चार दशके निघून गेली आणि त्यानंतरही कोष्टके बोटींवर पोचून पाळली जायला आणखी काळ गेला. दरम्यान हजारो माणसे मेली किंवा पांगळी झाली. बेटांवरच्या कुटुंबांनी तक्रारी केल्या. १८८० च्या दशकात ऑटोमन सत्तेने या पोशाखावर बंदीही घातली, पण ती टिकली नाही.

का टिकली नाही, याचे एक कारण आपल्याला लगेच कळेल. ईस्टरनंतर बोटी लिबिया आणि इजिप्तच्या किनाऱ्यांकडे निघत आणि शरद ऋतूत परतत. निघण्यापूर्वी पाणबुड्याला आगाऊ रक्कम मिळे, तिला ते प्लातिका म्हणत. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: उचल. मराठवाड्यातले ऊसतोड मजुरांचे कोयते ज्या उचलीवर गळिताच्या हंगामाला निघतात, तीच ही रचना. रक्कम घरात खर्च होऊन गेलेली असते, फेडायची असते ती शरीराने. अशा माणसाला ‘सावकाश वर ये’ असे सांगून उपयोग नसतो, कारण त्याचा वेळ आधीच विकला गेलेला असतो. कालिम्नोसमध्ये मिहानिकोस नावाचे एक नृत्य आहे. ‘मिहानी’ म्हणजे यंत्र, हाच पोशाख. या नृत्यात रांगेचा म्होरक्या काठी टेकत, थरथरत्या पायांनी नाचतो. उभे राहू पाहतो, डळमळतो, पुन्हा सावरतो. लग्नासमारंभांत हे नृत्य होते. ज्या माणसांची नोंद कुठल्याही व्यापाऱ्याच्या वहीत झाली नाही, त्यांची बेटाने स्वतःच्या पावलांत करून ठेवली.

१९०० साली सिमीचे असेच पाणबुडे वादळामुळे अँटिकिथिरा बेटाच्या आडोशाला थांबले होते आणि वेळ आहे म्हणून त्यांनी तिथे बुडी मारली. खाली इ.स.पू. पहिल्या शतकात बुडालेले जहाज होते. त्यातून आलेले दातेरी चाकांचे खगोलयंत्र आज जगभर प्रसिद्ध आहे. ते वर आणताना एक पाणबुड्या मेला आणि दोघे कायमचे पांगळे झाले, हे त्या प्रसिद्धीत सहसा कोणी सांगत नाही.

माणसांबरोबर तळही संपत होता. पोशाखवाले पाणबुडे नि तळावरून ओढायची गांगावा नावाची जड जाळी यांच्यामुळे बुडख्यासकट स्पंज निघू लागले. ॲरिस्टॉटलने शिंपल्यांच्या बाबतीत लिहिले होते तेच अवजार, अधिक मोठे. मग १९८० च्या दशकाच्या मध्यावर भूमध्य समुद्रात रोग आला. उभे स्पंज पांढुरके पडून हातात चुरा होऊ लागले आणि अशा मरीचा संबंध शास्त्रज्ञांनी पाण्याच्या वाढलेल्या तापमानाशी जोडला. नंतरच्या कडक उन्हाळ्यांत ती परत परत आली. अवजार आणि हवामान. विरळ झालेल्या वस्तीवर रोगाचा घाला पडला की ती पुन्हा उभी राहायला शेजारी उरत नाहीत. आज कालिम्नोसच्या धक्क्यावरच्या दुकानांत टोपल्या भरून स्पंज दिसतात. त्यांतले कितीतरी फ्लोरिडा आणि कॅरिबियनच्या समुद्रातून आलेले असतात आणि बेटावर फक्त धुऊन-कापून विकले जातात. बेट आता कडे चढणाऱ्या गिर्यारोहकांसाठी ओळखले जाते.

स्पंज निदान विकला जात होता, म्हणून त्याच्या ऱ्हासाकडे कोणाचे तरी लक्ष गेले. ज्याची बाजारात किंमतच नव्हती त्या गवताचे काय झाले, ते पाहू.

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला पंचगंगेकाठी सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती आहे. ग्रीकांचा हा समुद्रदेव रोमन काळातल्या व्यापाराबरोबर सह्याद्री ओलांडून इतक्या आत आला होता. त्याच देवाचे नाव भूमध्य समुद्रातल्या एका वनस्पतीला दिले आहे: पोसिडोनिया. हे शेवाळ नव्हे. तिला मुळे आहेत, खोड आहे, फुले आणि फळे येतात. जमिनीवरून समुद्रात परतलेली ती सपुष्प वनस्पती आहे आणि तिची ही जात भूमध्य समुद्राखेरीज जगात कुठेही वाढत नाही. एजियनच्या नितळ पाण्यात सूर्यप्रकाश खोल पोचतो, म्हणून तिथे तिची कुरणे सुमारे चाळीस मीटर खोलीपर्यंत उतरतात. नापीक समुद्रातल्या या वस्त्या आहेत. माशांची पिल्ले तिथे दडतात, लाटांचा जोर तिथे मोडतो, वाळू तिथे धरून राहते. पानांखाली मुळे, खोडे आणि गाळ यांचा जाड थर साठत जातो. तो उंचीने फार सावकाश वाढतो, आणि शेकडो-हजारो वर्षांचा कार्बन त्यात गाडलेला असतो. त्याच कुरणात पिना नावाचा शिंपला टोकावर उभा राहून मीटरभर उंच वाढतो. त्याच्या आत एक इवला खेकडा पहारेकऱ्यासारखा राहतो असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे. २०१६ च्या शरदात स्पेनच्या किनाऱ्यावर एका परजीवीने हे शिंपले मारायला सुरुवात केली, दोनच वर्षांत साथ एजियनमध्ये पोचली, आणि २०१९ मध्ये पिनाची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत झाली.

पोसिडोनियाचे आडवे खोड वर्षाला काही सेंटिमीटर सरकते. एवढाच तिचा वेग. आता उन्हाळ्यातल्या एखाद्या खाडीची कल्पना करा. सकाळी वीस यॉट येतात, प्रत्येकीचा नांगर गवतात पडतो, वाऱ्याबरोबर बोट फिरते, साखळी तळावर वर्तुळ खरवडते, आणि संध्याकाळी नांगर उचलताना मुळांसकट गठ्ठा वर येतो. मराठीत गलबताच्या आणि शेताच्या अवजाराला एकच शब्द आहे, आणि इथे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे होतात. फरक इतकाच की शेत पेरण्यासाठी नांगरतात. फ्रान्सने आपल्या भूमध्य किनाऱ्यावर २४ मीटर आणि त्याहून लांब बोटींना या कुरणांवर नांगर टाकायला मनाई केली आहे, स्पेनच्या बॅलेरिक बेटांनी २०१८ मध्ये पोसिडोनियासाठी स्वतंत्र नियम केले. युरोपीय संघाने समुद्री गवतावर ट्रॉल ओढायला २००६ च्या नियमावलीनेच बंदी घातली. कागदावर हे सगळे आहे. पण ग्रीससारख्या हजारो खाड्यांच्या देशात प्रत्येक साखळीवर नजर ठेवणारा कोण? आणि बोटभाड्यात त्या उपटलेल्या गठ्ठ्याचा एक युरोही धरलेला नसतो.

हिवाळ्यात या गवताची गळलेली पाने किनाऱ्यावर तपकिरी ढिगांनी साचतात. ते ढीग वादळी लाटा अंगावर घेतात आणि पुळण वाचवतात. हंगाम सुरू व्हायच्या आधी अनेक ठिकाणी यंत्रे लावून ते उचलले जातात, कारण पाहुण्यांना ते घाण वाटतात. मग पुळण झिजते आणि ट्रकने वाळू आणून टाकावी लागते. तो खर्च मात्र वहीत दिसतो.

तिसरी गोष्ट कालव्याची. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला. त्याने मुंबईला लंडनच्या किती जवळ आणले आणि मुंबईच्या बंदराचे व तिच्यातल्या मराठी कष्टकऱ्यांचे आयुष्य कसे पालटले, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पण त्याच चरातून तांबड्या समुद्रातले जीवही उत्तरेकडे निघाले. सुरुवातीला वाटेतल्या कडू सरोवरांचे अतिखारे पाणी त्यांना अडवत असे. तळाचा मिठाचा थर विरघळत गेला, कालवा पुनःपुन्हा रुंद आणि खोल झाला, भिंत पडली. आणि तापत्या पाण्याने पलीकडचे घर त्यांना राहण्याजोगे केले. २००५ च्या सुमारास रोड्सच्या मच्छीमारांना जाळ्यात एक चंदेरी, गुळगुळीत मासा मिळू लागला. ग्रीक त्याला लागोकेफालोस म्हणजे ‘ससेडोक्या’ म्हणतात. मालवणात त्याच्याच कुळातल्या माशांना केंड म्हणतात. केंडांची झुंड आली की जाळ्याचे काय होते, हे सिंधुदुर्गातल्या मच्छीमाराला सांगावे लागत नाही. चिमट्यासारख्या दातांनी तो जाळे कातरतो, जाळ्यातला मासा खातो आणि स्वतः विकता येत नाही, कारण त्याच्या अंगात माणूस मारणारे विष असते. त्याच्याही आधी आलेले रॅबिटफिश खडकावरचे शैवाल इतके चरतात की मागे बोडका दगड उरतो. लायनफिश २०१५ च्या आसपास रोड्सभोवती स्थिरावला. रॅबिटफिश बाजारात विकला जातो, लायनफिशचेही विषारी काटे काढून तो खाता येतो, आणि बेटांवरची माणसे ते करू लागली आहेत. जुळवून घेणे त्यांना परंपरेने येते. पण बोडक्या खडकाला जुळवून घेता येत नाही.

२०१५ मध्ये कालवा आणखी मोठा केला गेला, तेव्हा शेकडो शास्त्रज्ञांनी आधी पर्यावरणावरचा परिणाम तपासा अशी मागणी केली होती. काम ठरल्या वेळी पूर्ण झाले. सहा वर्षांनी त्याच कालव्यात एव्हर गिव्हन अडकले, आणि सोडवणुकीच्या खर्चाचा पै-पैचा हिशेब रोड्सच्या नियमाने कंटेनरमालकांत वाटला गेला. दीडशे वर्षे त्याच चरातून जो तोटा रोड्सच्या मच्छीमाराच्या दारात येत आहे, त्याची वाटणी कोणी कधी पुकारली नाही. जगाचा माल स्वस्तात पोचावा म्हणून जे समुद्रात गेले, त्यात त्याचे जाळे आहे. तो मात्र कुठल्याच मालवाहतुकीच्या करारात पक्षकार नाही.

याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळू नये. ही बेटे गरीब होती. पाणबुड्यांची मुले फ्लोरिडाच्या टार्पन स्प्रिंग्जला आणि ऑस्ट्रेलियाला पोटासाठी गेली. पर्यटनाने त्यांच्या नातवंडांना गावात राहता आले. सुमारे एक कोटी लोकसंख्येच्या ग्रीसमध्ये २०२३ साली तीन कोटींहून अधिक परदेशी पाहुणे आले; या उत्पन्नाला नाव ठेवण्याचा अधिकार बाहेरच्यांना नाही. मला हे मान्य आहे. म्हणूनच प्रश्न उत्पन्न घ्यावे की नाही असा नसून तोटा कोणाच्या नावावर टाकला जातो असा आहे. मासेमारीचा ताण कमी करण्यासाठी १९९० च्या दशकापासून युरोपीय संघाने परवाने परत घेण्याची योजना राबवली. मच्छीमाराला पैसे मिळत, बदल्यात बोट मोडावी लागे. परिणामी सुतारांनी हाताने बांधलेल्या हजारो लाकडी बोटी धक्क्यावर यंत्राखाली चिरडल्या गेल्या. समुद्राला सर्वांत कमी ओरबाडणारी माणसे त्या बोटींवर होती. समुद्रावरचा बोजा खरोखर कमी करायचा होता, आणि पुन्हा हाताशी असलेला मालच फेकला गेला.

सगळे चित्र काळे नाही, आणि तसे रंगवले तर ते खोटे ठरेल. भूमध्य समुद्रातला मंक सील, होमरच्या काव्यात समुद्रदेवाचे कळप म्हणून किनाऱ्यावर पहुडलेला, माणसाच्या भीतीने पुळण सोडून गुहांत शिरला होता आणि जवळजवळ संपला होता. उत्तर स्पोरेड्समध्ये ॲलोनिसॉसभोवती १९९२ मध्ये सागरी उद्यान झाले, मारणे घटले, गुहा राखल्या गेल्या. मादी एका वेळी एकच पिल्लू देते, तरी तीस वर्षांच्या चिकाटीने संख्या वाढली आणि २०२३ मध्ये या जातीची वर्गवारी संकटग्रस्तवरून एक पायरी सुधारून असुरक्षित अशी झाली. म्हणजे जमते. मात्र सील जाळी फाडतात आणि तो खर्च पुन्हा छोट्या मच्छीमाराच्या अंगावर पडतो. सील वाचल्याचा आनंद साऱ्या युरोपचा असेल, तर फाटलेल्या जाळ्यातही साऱ्या युरोपचा वाटा हवा. रोड्सच्या जुन्या व्यापाऱ्यांना हे पटवून द्यावे लागले नसते.

त्या जुन्या नियमाला एक अट होती, ती इथे महत्त्वाची आहे. वाटणी होते ती जहाज वाचले तरच. माल फेकूनही जहाज बुडाले, तर कोणी कोणाचे देणे लागत नाही. कारण देण्यासाठी कोणाकडे काही उरलेलेच नसते. २०२३ आणि २०२४ या दोन्ही उन्हाळ्यांत भूमध्य समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरीने २८ अंशांच्या पुढे गेले. जुलै २०२३ मध्ये रोड्सवर वणवा पेटला, तेव्हा सुमारे एकोणीस हजार माणसांना हलवावे लागले आणि त्यांतले कित्येक पाहुणे पुळणीवरून होड्यांत चढले. पिना गेला, स्पंज विरळ झाला, खडक बोडके पडत आहेत. अजून फेकण्याजोगे काय उरले आहे, याची यादी करायला बसलो तर ती फार लहान होते, आणि तिच्यात सर्वांत वर ते गवत येते.

एप्रिल २०२४ मध्ये अथेन्समधल्या सागर परिषदेत ग्रीसने आयोनियन आणि दक्षिण एजियन समुद्रांत दोन मोठी सागरी राष्ट्रीय उद्याने करण्याचे जाहीर केले, २०२५ मध्ये त्यांची पुढची घोषणा झाली. सर्व संरक्षित सागरी क्षेत्रांत तळावरून ट्रॉल ओढण्यावर २०३० पर्यंत बंदी घालण्याचे वचनही दिले. युरोपात असे म्हणणारा तो पहिला देश. वचन मोलाचे आहे. पण ट्रॉलवरची बंदी साखळीला, चरणाऱ्या रॅबिटफिशला आणि तापत्या पाण्याला लागू होत नाही, आणि मुदत सरकारच्या सोयीने ठरली आहे, गवताच्या वेगाने नव्हे. या उन्हाळ्यात सिमीच्या एखाद्या खाडीत एका साखळीने खोलीभर जागा उघडी केली, तर २०३० उजाडेल तेव्हा कडेची खोडे तिच्यात जेमतेम वीतभर आत सरकलेली असतील, तीही मधल्या काळात तिथे दुसरा नांगर पडला नाही तर.